कच्च्या खिम्याची चव

मालकीणबाईंचा दिवस कच्च्या खिम्याच्या घासाने सुरू व्हायचा. सकाळी सातला शटर अर्धं वर, मग यंत्राची घरघर, मग मसाला, आणि मग परातीतला बोराएवढा गोळा उचलून जिभेवर. डोळे मिटायचे, गोळा जिभेवरून मागे सारायचा, गिळायचा, आणि डोळे उघडून सांगायचं, "अजून एक चिमूट." नाहीतर, "जमलं." चाळीस वर्षांत त्या परातीवर याखेरीज तिसरा निकाल कोणी ऐकला नव्हता.

दुकान होतं तयार खिम्याचं. मसाला लावलेला खिमा गिऱ्हाइकाने घरी न्यायचा, तव्यावर टाकायचा, संपलं काम. मसाल्यात काही मोठं गुपित नव्हतं. कांदा, लसूण, मिरी, थोडं आंबट. सगळी मेख मिठात होती. मांस रोज सारखं नसतं. एक दिवस ओलं, एक दिवस चरबीचं. म्हणून मीठ वजनाने घालून भागत नाही, चाखून घालावं लागतं, आणि चाखायचं ते कच्चंच, असा मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी दंडक घालून दिला होता. ओंडक्यावर मांस तोडणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत, कारण जगातल्या यच्चयावत गोष्टी दुसऱ्याला समजावून सांगायची त्याला खोड होती. या मास्तरने एकदा विचारून पाहिलं होतं, "चिमूटभर तव्यावर परतून चाखलं तर काय बिघडतं हो बाई?" त्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "तव्यावरचं चाखतं ते गिऱ्हाईक. कच्चं चाखतो तो मालक." मास्तर पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

खरं तर या कामात मालकी कसली आली? एकोणिसाव्या वर्षी त्या सून म्हणून या घरात आल्या, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्यांनी त्यांच्या तळहातावर खिम्याचा गोळा ठेवला होता. त्यांनी तो तोंडात घातला आणि मागच्या मोरीत जाऊन ओकल्या. सासऱ्यांनी दुसरा गोळा ठेवला. तोही गेला. तिसऱ्या वेळी सासरे म्हणाले, "गिळल्याशिवाय मीठ कळत नाही." तिसरा पोटात राहिला. त्याच महिन्यात त्यांना दिवस गेले, आणि पुढचे सहा महिने त्या रोज सकाळी स्टुलावर बसून चाखत होत्या. सातव्या महिन्यात बाळ मेलेलं जन्माला आलं. मुलगा होता. सुईणीने त्याचं तोंडसुद्धा नीट पाहू दिलं नाही. सासरे म्हणाले, नशीब. महिन्याभराने त्या परत स्टुलावर बसल्या. त्यानंतर एक मुलगी झाली, मग एक मुलगा, दोघं धडधाकट. मुलगी लग्न होऊन लांब गेली. मुलगा सहा वर्षांचा असताना नवरा वारला, आणि सगळे नातेवाईक दुकान कधी बंद होतं याची वाट बघत बसले. ते बंद झालं नाही, कारण मालकीणबाईंची जीभ चालत होती. त्या जिभेवर त्यांनी मुलगा वाढवला, भावकीची तोंडं बंद केली आणि बाजारातली दुसऱ्यांची चार दुकानं बुडवली. माणसाला एवढं झाल्यावर गर्व होतो. त्यांना जरा जास्तच झाला.

आणि मागच्या हिवाळ्यात ती जीभ गेली. आठ दिवसांचा ताप आला, उतरला, आणि उतरताना चव घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं, येईल चार दिवसांत. महिना झाला. एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी चमचाभर मीठ तोंडात टाकलं. वाळू चावल्यासारखं वाटलं. त्यांनी चूळ भरली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. नवरा गेला तेव्हासुद्धा त्या एवढ्या घाबरल्या नव्हत्या, कारण तेव्हा जीभ होती.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रोज गोळा उचलायच्या, डोळे मिटायच्या, आणि अंदाजाने ठोकून द्यायच्या, "जमलं." दहातले सात दिवस जमायचं. उरलेले तीन दिवस गिऱ्हाईक तोंड वेंगाडून परत यायचं. एक म्हातारा तर पुडकं काउंटरवर आपटून म्हणाला, "बाई, खिमा विकताय की लोणचं?" मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत खापर मास्तरवर फोडलं. "मास्तर, तुम्ही माझ्या मागे दुसऱ्यांदा मीठ टाकलंत." मास्तरने तीस वर्षांत मिठाच्या बरणीला हात लावला नव्हता. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि एरवी सगळ्यांना शहाणपण शिकवणारा तो माणूस गप्प मान खाली घालून हाडं तोडायला लागला.

अशात सुनेला दिवस गेले.

सून या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. माहेरी बाप पुस्तकं बांधायचा, ही त्याला पानं लावून द्यायची. शांत पोर. दुकानात पुडकी बांधायची, आणि तिच्या पुडक्याच्या घड्या अशा काटेकोर असायच्या की उघडायला जिवावर यावं. तिचा एकच हट्ट होता: मागच्या अंगणात येणारं एक पिवळं मांजर. ते तिच्या पायात घोटाळायचं आणि ती त्याच्याशी बोलायची. घरातल्या माणसांशी दिवसभरात बोलायची नाही तेवढं दहा मिनिटांत मांजराशी बोलायची. मालकीणबाईंना ते मांजर डोळ्यासमोर नको व्हायचं.

पहिल्या तपासणीला त्या स्वतः सुनेबरोबर दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुढे ओढला.

"एक लक्षात ठेवा. टॉक्सोप्लाझ्मोसिस म्हणून एक आजार असतो. तो तुम्हाला आजवर झालेला नाही, म्हणजे त्याच्याशी लढायची ताकद तुमच्या अंगात तयार नाही. एरवी तो झाला तर कळतही नाही, सर्दी-तापासारखा येऊन जातो. पण पोटात मूल असताना पहिल्यांदा झाला, तर मुलापर्यंत पोचू शकतो. कधी मूल पोटातच जातं, कधी मेंदूला इजा होते, कधी डोळ्यांना. तेव्हा मांस पूर्ण शिजलेलंच खायचं, कच्चं तोंडात घालायचंसुद्धा नाही. भाज्या, फळं धुऊन खायची. मातीत हात घालायचा नाही, आणि मांजराची घाण काढायची नाही."

"मांजर?" मालकीणबाई खुर्चीत ताठ झाल्या.

"मांजर घालवायची गरज नाही हं. फक्त त्याची घाण दुसऱ्या कोणी तरी रोजच्या रोज काढा."

एवढ्या सगळ्यातून मालकीणबाईंनी घरी काय नेलं? मांजर. तेही अर्धंच. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर वर मांजराचं हे एवढं मोठं चित्र होतं आणि खाली मांसाचा तुकडा बारीकसा. मुलाने तो कागद जेवणाच्या टेबलावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. कच्च्या मांसाची ओळ आली तेव्हा मालकीणबाई उठून पाणी प्यायला गेल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "मांजर उद्या दिसता कामा नये."

मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशी मांजर गोणीत घातलं आणि गाडीवरून गावाबाहेरच्या गोदामांपाशी सोडून आला. सून त्या दिवशी जेवली नाही. मालकीणबाई समाधानाने जेवल्या. सगळ्या शेजारणींना त्यांनी सांगितलं, "आमच्या घरात, बाई, डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द."

मांजर नवव्या दिवशी परत आलं, हाडांचा सापळा होऊन. सुनेने ते लपवलं. मागच्या भिंतीपलीकडे ती वाटीत दूध ओतायची, काठीने वाटी पुढे ढकलायची आणि लांब उभी राहून त्याला पिताना बघायची. हात लावायची नाही, डॉक्टरीणबाईंना ती घाबरून होती. मालकीणबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्याची चोरी पकडल्यावर लगेच बोंब मारायची नसते, ती राखून ठेवायची असते, एवढी अक्कल त्यांना बाजाराने दिली होती.

चौथा महिना लागला आणि कारखान्याच्या कँटीनचं काम आलं. रोज चाळीस किलो. एक दिवस खारट निघालं तर काम बंद, असं कँटीनवाल्याने तोंडावर सांगितलं होतं. मालकीणबाई रात्रभर कुशी बदलत राहिल्या आणि सकाळी शटर अर्धं वर झाल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली.

"इकडे ये. स्टुलावर बस. आजपासून तू चाखायचं."

सुनेने परातीकडे पाहिलं. "आई, त्या कागदावर लिहिलंय, कच्चं मांस..."

"हे कच्चं आहे? अगं, मीठ लागलंय, आंबट लागलंय, तासभर मुरलंय. मीठ लागलं की मांस निम्मं शिजतं. तुझ्या त्या डॉक्टरणीने जन्मात कधी किलोभर खिमा मळलाय का?"

"तुम्हीच चाखा ना. तुमच्यासारखं मला कुठे जमणार?"

"माझं पित्त वाढलंय. मला मसाला बंद केलाय." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की त्यांना स्वतःलाच खरं वाटलं. "आणि घाबरतेस कशाला? तीन बाळंतपणं काढली मी या स्टुलावर. हा बघ समोर उभा आहे, बैलासारखा. याला काय झालं?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. बैलासारखा नवरा यंत्राचं पातं काढून पुसत होता. पातं मघाशीच पुसलेलं होतं.

"मग मी चाखून थुंकते," सून म्हणाली.

"गिळल्याशिवाय मीठ कळत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा होता, शब्द सासऱ्यांचे होते, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ओंडक्यापाशी मास्तरचा सुरा क्षणभर थांबला. मग तो पुन्हा चालू झाला. त्या दुकानात त्या सकाळी सुनेखेरीज तीन मोठी माणसं होती आणि तिघांनाही तोंडं होती.

सुनेने गिळलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मोरीकडे पळाली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "एक चिमूट कमी आहे." चिमूट घातली. कँटीनमधून निरोप आला, माल उत्तम. मालकीणबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना झाला तो हेवा. या पोरीची जीभ पहिल्याच दिवशी लागली होती, त्यांना स्वतःला महिना लागला होता.

हे रोज चाललं. रविवार सोडून रोज, एक गोळा, कधी दोन. सातव्या आठवड्यात सुनेला ताप आला. अंग मोडून यायचं, जिना चढताना मध्येच बसायची, आणि मानेत वाटाण्याएवढ्या गाठी लागायला लागल्या. तिने मालकीणबाईंचं बोट धरून त्यांना गाठी दाखवल्या.

"सर्दीच्या आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "गरम पाणी पी."

"सोमवारी तपासणीची तारीख आहे. डॉक्टरीणबाईंना दाखवते."

"सोमवारी कँटीनचे साहेब दुकान बघायला येणार आहेत. पुढच्या सोमवारी जा. पोट काही पळून जात नाही."

पुढच्या सोमवारी दुसरं काही तरी निघालं. तीन सोमवार गेले. ताप आपोआप उतरला, गाठी बसल्या, आणि मालकीणबाई म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं?"

चौथ्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रक्त पुन्हा तपासायला पाठवलं आणि दोन दिवसांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. मुलगाही आला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवला.

"संसर्ग झालाय. अलीकडेच. ताप आला होता का?"

"आला होता," सून म्हणाली.

"तेव्हाच का नाही आलात? लवकर औषध सुरू केलं असतं तर बाळापर्यंत पोचायची शक्यता कमी करता आली असती. असो, आजपासून गोळ्या सुरू करू. सोनोग्राफी वरचेवर करावी लागेल." मग त्यांनी सरळ विचारलं, "कच्चं मांस खाण्यात आलं का? तुमचं तर दुकानच आहे."

सुनेने तोंड उघडलं. त्याआधी मालकीणबाईंचा हात तिच्या खांद्यावर पडला होता.

"छे हो. आमच्याकडे कच्चं कोण खाणार? मांजर. मी हिला सांगून दमले. घालवलेलं मांजर हिने परत आणलं आणि चोरून दूध घालते. मी डोळ्यांनी पाहिलंय. विचारा तिला."

राखून ठेवलेलं असं कामाला आलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला. नवरा तिच्याकडे वळून बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खरं आहे?" आणि सुनेने मान हलवली, कारण दूध घालत होती हे तर खरंच होतं. मग खिम्याच्या गोळ्याची गोष्ट तिच्या तोंडातून निघायची राहूनच गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तातून कधी झालं ते कळतं, कुठून झालं ते कळत नाही. आता दोष देत बसू नका." त्या गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागल्या. मालकीणबाईंना तिथेच थांबता आलं असतं. पण सुटल्याच्या आनंदात माणसाची जीभ सैल होते.

"पण काय हो डॉक्टरीणबाई, कच्च्या मांसाने होत असतं तर खाटकांच्या घरातली सगळी पोरं आंधळी झाली असती की."

"नाही होत तसं," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ज्या बाईला हा आजार गरोदर राहण्याच्या बराच आधी होऊन गेलाय, तिच्या मुलांना सहसा काही होत नाही. अंगात ताकद आलेली असते. धोका असतो तो पहिल्या वेळचा. नव्याने मांसाच्या कामाला आलेली एखादी बाई, त्याच सुमारास दिवस गेलेत, तर तिचं पहिलं मूल जाऊ शकतं. पुढची मग ठणठणीत होतात."

मालकीणबाईंचा हात सुनेच्या खांद्यावरून खाली आला.

पहिला महिना. तळहातावरचा गोळा. सातवा महिना. सुईणीने तोंड न दाखवलेला तो मुलगा. मग मुलगी, मग हा बैल. बेचाळीस वर्षं ज्याला त्यांनी नशीब म्हटलं, ते चिठ्ठी लिहिता लिहिता कोणी तरी असं दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. तसंच झालं होतं असं आता कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं, पण नाही झालं असंही त्यांना आता म्हणता येईना. त्या उठून उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्या बोलल्या असत्या तर गोष्ट इथे वेगळ्या वाटेने गेली असती. सुनेच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं, हिला आपण सांगू शकतो, हे त्यांना लख्ख कळत होतं. पण सांगायचं तर जिभेपासून सांगावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "चला, उशीर होतोय दुकानाला."

घरात शिरल्यावर मुलगा बायकोला म्हणाला, "एका मांजरापायी?" एवढंच. मग गोणी घेऊन मागे गेला. या वेळी तो गोदामांपाशी गेला नाही, कालव्याकडे गेला, आणि गोणीत मांजराबरोबर दुकानातलं दोन किलोचं जुनं वजन होतं. सून खिडकीत उभी होती. मालकीणबाई तिच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "बरं झालं. ब्याद गेली."

सून वळली आणि त्यांच्या पाया पडावं तशी खाली बसली. "आई, मी काय करून बसले हो?" असं म्हणून रडायला लागली. मालकीणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "होतं असं. चुकतं माणूस," त्या म्हणाल्या. माणूस किती हलकट होऊ शकतं, त्याला मर्यादा नाही. त्या हातालाही लाज वाटली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सुनेला स्टुलावरून उठवलं, आणि कँटीनचं काम दोन आठवड्यांत गेलं.

मुलगी झाली, वेळेवर, पूर्ण वजनाची. गोळ्या सुनेने एकही न चुकवता घेतल्या होत्या. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. पण बाळाच्या डोळ्यांची तपासणी दर महिन्याला होती, आणि चौथ्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा विझवून तपासायला बराच वेळ घेतला. मालकीणबाई बाळाला मांडीवर धरून बसल्या होत्या.

"डावा डोळा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "उजव्याच्या पडद्यावर मधोमध व्रण आहे. त्या डोळ्याला कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही. समोरचा चेहरा नाही दिसणार."

सुनेने पदर तोंडात कोंबला नाही, ती रडली नाही. तिने विचारलं, "डॉक्टर, मांजराला लांबून वाटी सरकवली, हात लावला नाही, घाण काढली नाही. तरी होतं?"

"अशाने होणं अवघड आहे हो. घाण तोंडात जावी लागते. मांस कच्चं खाल्लं होतंत का कधी?"

"अडीच महिने. रोज," सून म्हणाली. "मसाला लावलेलं. आई म्हणाल्या, मीठ लागलं की ते शिजतं."

डॉक्टरांनी मांडीवरच्या बाळाकडे आणि मग बाळाला धरलेल्या बाईकडे पाहिलं. "मिठाने शिजत नाही," ते म्हणाले. "मला विचाराल तर मी त्या मांजराला दोष देणार नाही."

सून काही बोलली नाही. घरी येईपर्यंत, रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी, काहीच नाही. मालकीणबाईंना वाटलं, ओरडेल, भांडेल, माहेरी निघून जाईल. त्या सगळ्याला त्यांच्याकडे उत्तरं होती. गप्प बसणाऱ्याला काय उत्तर देणार?

सून विचार करत होती. एवढ्या मोठ्या कामाला, जिच्या जिभेचा एवढा डंका, ती बाई स्वतः का बसली नाही? पित्त? पण त्याच दिवसांत त्या तिखटजाळ रस्से ओरपत होत्या. दिवसेंदिवस वरून तिखट घेत होत्या, मीठ घेत होत्या.

आठवड्याने ती सकाळी दुकानात आली, बाळाला कडेवर घेऊन. मास्तर ओंडक्यापाशी, नवरा यंत्रापाशी, बाहेर तीन-चार गिऱ्हाइकं ताटकळत. तिने स्वतः परात मळली आणि मालकीणबाईंच्या पुढे ठेवली. "आई, चाखा."

मालकीणबाईंनी गोळा उचलला. सगळे बघत होते. डोळे मिटले, मागे सारला, गिळला. "जमलं," त्या म्हणाल्या.

"नीट चाखा."

"जमलं म्हटलं ना! मला शिकवतेस?"

सून मास्तरला म्हणाली, "मास्तर, तवा ठेवा." मास्तरने तवा ठेवला, चिमूटभर परतून तोंडात टाकलं, आणि त्याचा घास तोंडातच राहिला. "यात मीठच नाही," तो म्हणाला. "कणभरसुद्धा नाही."

बाहेरच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मुलगा यंत्र बंद करून आला. त्याला हिशेब लागायला वेळ लागायचा, पण लागला.

"आई, कधीपासून?"

"मागल्याच्या मागच्या हिवाळ्यापासून."

"म्हणजे तू हिला बसवलंस तेव्हा..."

"दुकान बुडालं असतं," मालकीणबाई म्हणाल्या. "तुझंच दुकान. मी कोणासाठी केलं?"

मुलगा नळाखाली हात धुवायला लागला आणि धूतच राहिला. कालव्यावर गेले होते ते हात.

त्यांना कोणी घराबाहेर काढलं नाही. तेवढी दया असती तर बरं झालं असतं. बाळ सात महिन्यांचं झालं तेव्हा डॉक्टरांनी पट्टी सांगितली. चांगला डोळा रोज दोन तास झाकायचा, म्हणजे दुबळा डोळा कडेकडेने का होईना, कामाला लागेल. सुनेने पट्ट्यांचं खोकं आणून मालकीणबाईंच्या पलंगावर ठेवलं.

"पट्टी तुम्ही लावायची."

"मी? अगं, माझे हात थरथरतात. तू आई आहेस."

"म्हणूनच. पट्टी लावली की तिच्यापुढे अंधार होणार, ती रडणार. तो अंधार करणारा हात माझा नको. तुमचा असू दे."

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता मालकीणबाई नातीला मांडीवर घट्ट दाबून धरतात आणि तिच्या बघत्या डोळ्यावर पट्टी चिकटवतात. पोर आक्रोश करते, हातपाय झाडते, नखं ओरबाडते. मग समोरचं काही दिसत नाही म्हणून मान वाकडी करून, कडेने, तिरकं बघत आई शोधते. ती आजीकडे बघायचा प्रयत्नही करत नाही. दोन तास मालकीणबाई तिच्या जवळ बसून असतात, कारण पट्टी ओढू द्यायची नसते. एकदा त्यांनी तिला पहिल्या मुलाची हकीकत सांगितली, सगळी, तळहातावरच्या गोळ्यापासून. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. पोर रडत होती.

आता ती दीड वर्षाची आहे, घरभर चालते. बापाला बाबा म्हणते, आईला आई, मास्तरला मात्तल. आजी हा शब्द घरात तिला कोणी शिकवला नाही, तेव्हा या बाईचं नाव तिने स्वतःच ठेवलंय. जिन्यावर मालकीणबाईंची पावलं वाजली की ती तळहाताने आपला चांगला डोळा झाकते आणि आईला सांगते, "नको आली."